कुंभाराच्या अंगणातले पाच गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आपल्या गिरगावात, दादरला, परळ-लालबागला घरोघरी गुरुचरित्राची पोथी बाहेर निघते. लाल कापड सोडले जाते, चौरंग मांडला जातो आणि सात दिवस घराला एक वेगळीच शिस्त येते. पौर्णिमेला जन्मकाळ होतो, पाळणा होतो, सुंठवडा वाटला जातो. या दिवसांत प्रत्येक दत्तमंदिरात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे अवधूतांच्या चोवीस गुरूंचा. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाने त्या अवधूताला विचारले, "महाराज, आपण काही कामधंदा करीत नाही, तरी इतके आनंदी कसे?" तेव्हा त्याने आपले चोवीस गुरू सांगितले. तो अवधूत म्हणजे आपले दत्तप्रभूच, ही आपल्या संप्रदायाची श्रद्धा. ज्या नाथमहाराजांनी या स्कंधावर मराठीत एवढी मोठी टीका लिहिली आणि शके 1495 मध्ये काशीला पूर्ण केली, त्यांचे गुरू देवगडचे जनार्दनस्वामी हेही थोर दत्तभक्तच.

आता या चोवीस गुरूंची यादी जरा मनाशी म्हणून बघा. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, कबुतर आहे, अजगर आहे, पिंगला आहे, लहान मूल आहे. कारागीर म्हणाल तर एकच, बाण घडवणारा शरकार. राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला कळले नाही, इतका तो कामात बुडालेला. पण कुंभार त्यात नाही. कुणी म्हणेल, एवढा मोठा कारागीर, साक्षात ब्रह्मदेवाला ज्याची उपमा देतात, तो कसा सुटला?

मला वाटते, तो सुटलेला नाही. यादीतले पहिले पाच गुरू बघा. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी आणि अग्नी. हे पाचही जण एकाच अंगणात, एकाच वेळी कामाला लागलेले बघायचे असतील तर कुठे जाल? कुंभाराच्या दारात. तिथे यातला एक जरी रुसला तरी मडके होत नाही. म्हणून यंदा आपण या पाच गुरूंचे दर्शन कुंभाराच्या अंगणात घेऊ या.

मडक्यावाचून आपला एकही संस्कार पुरा होत नाही, हे आधी लक्षात घ्या. नवरात्रात घट बसतो तो मातीचा. संक्रांतीला सवाष्णी पूजतात ती सुगडी मातीची. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने उदककुंभ देतो, दिवाळीला पणती लावतो, गोकुळाष्टमीला दादर-लालबागच्या नाक्यावर हंडी बांधतो. आणि शेवटी चंदनवाडीत किंवा शिवाजी पार्कच्या स्मशानात मुलाच्या खांद्यावरही मडकेच असते. घरात स्टील आले, प्लास्टिक आले, फ्रीज आला, पण या ठिकाणी दुसरे काही चालत नाही. जन्मभर जे आपल्याबरोबर असते, ते ज्याच्या हातून येते तो माणूस मात्र आपल्याला दिसत नाही.

मुंबईत तर त्याच्या खुणा पावलोपावली आहेत. भुलेश्वरला कुंभार तुकडा आहे. ग्रँट रोडच्या पूर्वेला कुंभारवाड्याच्या गल्ल्या आहेत, पहिली, दुसरी, तिसरी अशा. आज त्या गल्ल्यांत चाक फिरत नाही, पण नाव राहिले. शहर वाढले तसा धूर कुणाला नकोसा झाला, जागा महाग झाली आणि सौराष्ट्रातून आलेले कुंभार सरकत सरकत 1930 च्या दशकात धारावीला जाऊन स्थिरावले. तेव्हा धारावी म्हणजे शहराचा शेवट, खाडीची दलदल. तिथल्या कुंभारवाड्यात आजही घरापुढे भट्टी आहे, ओट्यावर ओल्या मडक्यांची रांग आहे, दिवाळीच्या आधी पणत्यांचे ढीग आहेत. शीव किंवा माहीम स्टेशनवरून चालत जाता येते. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी एकदा जाऊन यावे. तेही तीर्थच आहे.

आता पहिला गुरू, पृथ्वी. अवधूतांनी तिच्याकडून सहनशीलता घेतली. लोक तिला खणतात, नांगरतात, तुडवतात, ती आपला धर्म सोडत नाही. कुंभाराकडे माती येते ती ढेकळांची. तो ती वाळवतो, कुटतो, चाळतो. खडा राहता कामा नये. मडक्याला तडा जातो तो बहुधा अशा एखाद्या बारीक खड्याशीच. मग तो तिच्यात राख, लीद, भुसा किंवा बारीक वाळू मिसळतो. नुसती चिकण माती फार गर्विष्ठ असते बघा. वाळताना आक्रसते आणि तडकते. थोडी राख मिसळली की ती सैल होते, श्वास घेते. आपल्या घरात चार माणसे चार स्वभावांची असतात, ती आपल्याला अडचण वाटते. पण नुसते एकसारखे चिकण असते तर घर केव्हाच तडकले असते.

दुसरा गुरू, पाणी. कोरड्या मातीला आकार नाही आणि पाणी जास्त झाले तर चिखल, त्यालाही आकार नाही. माती भिजवून मुरत ठेवायची असते. जितकी मुरेल तितकी चांगली. मग पायाने तुडवायची. का तुडवायची? आत हवेची पोकळी राहू नये म्हणून. वरून गोळा गुळगुळीत दिसतो, आत एक बुडबुडा लपलेला असतो, आणि तोच पुढे चाकावर हाताला दगा देतो. आपल्या साधनेतही तसेच होते. नाम चालू असते, पारायण चालू असते, आणि आत कुठेतरी 'मी करतो' हा बुडबुडा तसाच असतो. तो तुडवण्याशिवाय जात नाही, आणि तुडवून घेणे कुणालाच आवडत नाही.

तिसरा गुरू, आकाश. आता चाकावर या. गोळा बरोबर मधोमध बसवायचा. केसभर जरी बाजूला राहिला तरी चाक त्याला भिरकावून देते. मधोमध बसला की चाक कितीही जोरात फिरो, गोळा स्थिर दिसतो. मग कुंभार अंगठा मधे घालतो आणि पोकळी करतो. भिंती वर चढतात, पण खरे काम होते ते त्या पोकळीचे. पाणी भिंतीत राहत नाही, पोकळीत राहते. आपण मडके विकत घेतो म्हणजे पैसे मातीचे देतो, पण घरी आणतो ते आकाश! वेदान्तात याला घटाकाश म्हणतात. घड्यातले आकाश आणि बाहेरचे आकाश वेगळे नाही, मधे फक्त मातीची एक पातळ भिंत आहे. चंदनवाडीत मडके फुटते तेव्हा आतले आकाश कुठे जाते? कुठेच जात नाही. ते जिथे होते तिथेच असते. वय झालेल्या माणसाने हे रोज एकदा मनात घोळवावे. भीती एकदम जाणार नाही, पण तिची धार कमी होते.

चौथा गुरू, वायू. घडवलेले मडके लगेच उन्हात ठेवत नाहीत. सावलीत, वाऱ्यावर, हळूहळू वाळवतात. एका बाजूने लवकर वाळले तर वाकडे होते. आणि अर्धवट सुकले की कुंभार ते मांडीवर घेतो आणि थापटायला बसतो. आतून एका हाताने दगडाचा गुळगुळीत गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकतो. जिथे बाहेरून ठोका पडतो, बरोबर तिथेच आतून आधार असतो. आधार एक बोटभर जरी चुकला तरी भिंतीला भोक पडेल. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त बाहेरचे ठोकणे दिसते. आतला हात फक्त दोघांना ठाऊक असतो, कुंभाराला आणि मडक्याला. सद्गुरूला कुंभाराची उपमा संतांनी दिली ती एवढ्याचसाठी.

आता पाचव्या गुरूकडे, अग्नीकडे जाण्याआधी एक कथा. आपणा सर्वांना ठाऊक असलेली, पण पुन्हा एकदा नीट ऐकण्यासारखी.

तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. तिथले संत गोरोबाकाका कुंभार. शके 1239, म्हणजे 1317 साली त्यांनी देह ठेवला असे मानतात. ज्ञानेश्वर, निवृत्तिनाथ, सोपान, मुक्ताबाई, नामदेव अशी सगळी मंडळी त्यांना काका म्हणत. एकदा सगळा संतमेळा त्यांच्या घरी जमला होता. मुक्ताबाईंचे लक्ष कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेले. त्यांनी विचारले, "काका, हे काय?" काका म्हणाले, "याने मडकी थापटतो. कच्चे कोणते, पक्के कोणते ते कळते." मुक्ताबाई म्हणाल्या, "मग आम्हीही मडकीच की! आमच्यात कच्चे कोण, ते सांगा बघू." काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर हळूच ठोका देत चालले. सगळे शांत बसले. नामदेवांच्या डोक्याला ठोका बसला मात्र, ते रागावले. काका म्हणाले, "हे मडके अजून कच्चे आहे."

नामदेवराय म्हणजे कोण? ज्यांच्याशी पांडुरंग बोलत असे, ज्यांच्या हातचा नैवेद्य देव जेवला, ते! त्यांना कच्चे म्हटले गेले. विचार करा, चाळीस वर्षे गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्या आपल्यापैकी कुणाला असे चारचौघांत म्हटले तर? नामदेव रडत विठोबाकडे गेले. आणि देवाने त्यांची समजूत नाही घातली. देव म्हणाला, काका बरोबर बोलले, तुला गुरू नाही. मग नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. ते महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकले तर म्हणाले, "जिथे देव नाही अशा जागी तूच माझे पाय उचलून ठेव." नामदेव पाय उचलून जिथे ठेवायला गेले तिथे पिंडी दिसू लागली. त्या दिवशी नामदेवांचा आवा पेटला आणि मडके भाजून निघाले. पुढे तेच नामदेव पंजाबपर्यंत गेले. घुमानला त्यांचे स्थान आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. कच्चे मडके घरातच ठेवावे लागते. पक्के झाले की ते परमुलखात नेता येते.

यात दत्तभक्तांनी एक गोष्ट टिपून घ्यावी. नामदेवांकडे देव होता, तरी गुरूवाचून अडले. देवाने स्वतः गुरूकडे पाठवले. आपल्या संप्रदायाचा सगळा प्राण याच एका गोष्टीत आहे.

आता अग्नी. कच्चे मडके आणि पक्के मडके दिसायला जवळजवळ सारखेच असते. आकार तोच, माती तीच. फरक कधी कळतो? पाणी भरल्यावर. कच्चे मडके पाण्यात विरघळून पुन्हा चिखल होते. भट्टीत उष्णता सुमारे 600 अंशांच्या घरात गेली की मातीच्या अंगात मुरलेले शेवटचे पाणी निघून जाते, आणि मग ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. हजार वर्षे जमिनीत पुरा, खापर खापरच राहते. अवधूतांनी अग्नीकडून तेज घेतले आणि काहीही पोटात गेले तरी न विटाळण्याचा गुण घेतला. धारावीच्या भट्टीत काय जळते? कापसाचा टाकाऊ कचरा, चिंध्या, लाकडाचा भुसा. शहराने फेकून दिलेले सगळे. त्यातूनच देवापुढची पणती पक्की होऊन येते.

पण आच हळूहळू द्यावी लागते. मडक्यात ओल राहिली असेल आणि जाळ एकदम वाढवला तर आत वाफ कोंडते आणि मडके फुटते. म्हणून कुंभार पहिली आच मंद ठेवतो. थापटताना जो हात आत होता, तो आता आत घालता येत नाही. आता तो बाहेर बसून जाळावर नजर ठेवतो. मडक्याला वाटत असेल, मला सोडून गेला. पण रात्रभर जागा कोण असतो? कुंभारच.

लालबाग-परळच्या मंडळींना आवा म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. आज होईल, उद्या होईल म्हणता म्हणता भोंगे कायमचे थांबले. त्या दिवसांत ज्यांच्या घरी चूल पेटायची पंचाईत होती, ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि हा अंकही वाचत असतील. कुणाच्या आईने पोळ्या लाटल्या, कुणी पापड केले, कुणी खानावळ चालवली, कुणी नाक्यावर भाजी विकली. दत्ताच्या तसबिरीपुढचा दिवा मात्र विझू दिला नाही. ती मडकी पक्की झाली. पण काही घरे त्या आगीत तडकली हेही खरे आहे. कुणी गावी गेले ते परतले नाहीत. कुणी दारूत बुडाले. कुणाची मुले भलत्या वाटेला लागली.

आपण काय म्हणतो? "त्यांची श्रद्धा कमी पडली." दत्तभक्तहो, असे कधी म्हणू नका. कुंभाराला विचारा. भट्टीत मडके फुटले तर तो मडक्याला शिव्या देत नाही. त्याला माहीत असते, जाळ एका बाजूला जास्त लागला असेल, ओल राहिली असेल, कडेला जागा मिळाली असेल. आणि फुटलेल्या मडक्याचे तो काय करतो, ठाऊक आहे? टाकून देत नाही. पुढचा आवा रचताना ती खापरे वरून झाकायला घेतो. आतली ऊब बाहेर जाऊ नये, वारा एकदम आत शिरू नये म्हणून. स्वतः फुटलेले खापर पुढच्या पन्नास मडक्यांना सांभाळते. काही खापरे तो कुटून ताज्या मातीत मिसळतो आणि त्या मातीचे मडके सहसा तडकत नाही. गुरूच्या घरी फुटलेलेही वाया जात नाही. आपल्या घराण्यात असा कुणी असेल, ज्याचे नाव आपण टाळतो, तर यंदा जन्मकाळाला त्याच्या नावाने एक पणती लावा.

हे बोलताना गोरोबाकाकांच्या घरातली ती दुसरी गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. भजनात तल्लीन होऊन माती तुडवता तुडवता त्यांचे तान्हे बाळ पायाखाली आले आणि मातीत गेले. ही कथा ऐकताना आजींच्या डोळ्यांना पाणी येते, आणि तरुण विचारतात, ही कसली भक्ती? प्रश्न रास्त आहे. तो दडपून टाकू नये. कथेनेही तो दडपलेला नाही. काकांची पत्नी संती पाणी आणायला गेली होती. ती परत आली, तिने टाहो फोडला, ती नवऱ्याला आणि विठ्ठलाला दोघांनाही बोलली. तिचे रडणे कथेत जसेच्या तसे ठेवले आहे. तिला कुणी अभक्त म्हटले नाही. पुढे काकांनी आपलेच हात तोडून घेतले आणि त्या घरी पांडुरंग स्वतः कुंभार होऊन राबला, मडकी घडवली, बाजारात विकली. आणि शेवटी पंढरीला नामदेवांच्या कीर्तनात काकांना हात परत मिळाले, संतीला बाळ परत मिळाले. ध्यानात घ्या, देवाने काकांना वैकुंठ दिले अशी कथा संपत नाही. देवाने एका बाईला तिचे मूल परत दिले. घरातल्या माणसाचे रडणे ऐकल्याशिवाय देवाचीही कथा पुरी होत नाही. देवघरात बसलो असता आतल्या खोलीतून अंथरुणाला खिळलेल्या माणसाने हाक मारली तर पोथीत खूण ठेवून उठावे. महाराज रागावत नाहीत. गुरुचरित्रातच बघा ना, कुरवपूरचा परीट, श्रीशैल्याला न जाता गुरुसेवेत राहिलेला विणकर, शेतात राबणारा शेतकरी, यांना महाराजांनी जवळ केले. हातातले काम टाकून आलात तरच कृपा करीन, असे कुठे म्हटले आहे?

आता भट्टीतून मडके बाहेर निघाले. तिथून ते जाते कुठे? काही वापराला, काही शोभेला. दोन्ही कुंभाराचीच लेकरे. आपल्या मुंबईत शोभेच्या मातीकामाचीही मोठी परंपरा आहे. 1857 साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत 1870 च्या दशकात जॉर्ज टेरी या अध्यापकांनी मातीकामाचे वर्ग आणि भट्ट्या उभ्या केल्या. सिंधकडच्या कुंभारांची निळी-हिरवी झिलई आणि अजिंठ्याची चित्रे यांची सांगड तिथल्या भांड्यांवर घातली गेली. ती भांडी आजही भायखळ्याला राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात काचेमागे बघायला मिळतात. नातवंडांना घेऊन राणीच्या बागेत जाल तेव्हा पेंग्विनबरोबर तीही बघा. आपल्या काळात बिहारच्या कुंभार घराण्यात जन्मलेले ब्रह्मदेव राम पंडित मुंबईत आले, भाईंदरला भट्टी उभारून वापराची आणि कलेची अशी दोन्ही भांडी घडवीत राहिले. 2013 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. चाकावर बसणाऱ्या हाताचा तो मान होता.

माठ आणि लोणच्याची चिनी मातीची बरणी शेजारी ठेवून बघा. बरणी फार मोठ्या आचेत भाजतात. तिच्यावर काचेसारखा लेप असतो. आतले बाहेर नाही, बाहेरचे आत नाही. लोणचे वर्षभर टिकते. माठ मात्र पाझरतो. त्याच्या अंगावर सदा ओल असते, ती ओल वाऱ्याने उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार राहते. झिलई दिलेल्या बरणीत पाणी गार होत नाही. म्हणजे जो थोडे थोडे बाहेर देतो तो आतून गार राहतो! आपण उतारवयात दोन्ही व्हावे. गुरूने दिलेला मंत्र, कुणी विश्वासाने सांगितलेले दुःख, सुनेची किंवा जावयाची उणीदुणी, यांच्या बाबतीत बरणी व्हावे. बाहेर थेंब जाऊ नये. आणि पैसा, वेळ, गोड शब्द यांच्या बाबतीत माठ व्हावे. सतत थोडे पाझरत राहावे. आपल्यापैकी कित्येकांचे नेमके उलटे होते. शब्द पाझरतात आणि पैसा बरणीत!

आणखी एक गोष्ट, निवृत्त मंडळींसाठी. कुंभार दांड्याने चाकाला वेग देतो आणि दांडा बाजूला ठेवतो. चाक फिरतच राहते. मडके उतरवून घेतले तरी चाक थोडा वेळ रिकामेच फिरते. वेदान्तात प्रारब्धाला हाच दृष्टान्त देतात. ज्ञान झाले तरी देह काही काळ चालतो, तो या मागच्या वेगाने. आपले तसेच आहे. नोकरी संपली, मुलांची लग्ने झाली, जुनी चाळ पाडून टॉवर उठला, शेजारी कुणी ओळखीचे उरले नाही. वाटते, आता कशाला फिरते आहे हे चाक? दत्तभक्तहो, चाक फिरते आहे तोवर त्यावर एखादी पणती निघू शकते. मोठा रांजण नको. उरलेल्या वेगात एक लहान पणती. एखाद्या शेजाऱ्याला औषध आणून देणे, नातीला एक स्तोत्र शिकवणे, रागाने बंद केलेला एखादा फोन पुन्हा लावणे. एवढ्या वेगात एवढे होते.

मग यंदाच्या सप्ताहात काय करायचे? फार नाही. दादरच्या बाजारात किंवा लालबागच्या नाक्यावर पणत्या, सुगडी, माठ घ्याल तेव्हा घासाघीस करू नका. ज्याच्या हातून पाच गुरू काम करतात, त्याच्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणे दत्तभक्ताला शोभत नाही. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतोच. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर. तो वाजवताना स्वतःलाही एक प्रश्न विचारा. आज सकाळपासून मला कुणीकुणी ठोका दिला, आणि मी कसा वाजलो? बसमध्ये कुणाचा धक्का लागला, मुलगा उलट बोलला, मंदिरात आपल्याऐवजी दुसऱ्याला आरतीचे ताट मिळाले. यातल्या प्रत्येक ठोक्याच्या वेळी थापटणे काकांच्याच हातात होते असे समजा. बद्द आवाज आला तर खचून जाऊ नका. नामदेवरायांचाही आला होता. कच्चे असणे हा गुन्हा नाही. कच्च्या मडक्याने पक्के असल्याचा आव आणणे, हे मात्र पाणी भरायच्या दिवशी उघडे पडते.

आणि संकटाची आच लागली, रात्र मोठी झाली, आतला हात जाणवेनासा झाला, तर एवढे आठवा की भट्टीबाहेर कुणीतरी जागे बसले आहे. आपण कधी निघायचे ते त्याला ठाऊक आहे. एक पळ आधी नाही, एक पळ उशिरा नाही. तो काढील तेव्हा आपण पाणी भरण्याजोगे झालेले असू आणि एखाद्या तहानलेल्याच्या ओठाला लागू, एवढीच त्या त्रिमूर्तीच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥